पानदेठ परीक्षण : नमुना केव्हा आणि कसा घ्यावा

पंढरपूर तालुक्यातील काही द्राक्ष बागायतदारांनी विचारले आहे की, माती परीक्षणात लोह पुरेसे असूनही वेलीची शेंड्याकडील पाने पिवळी का पडतात आणि देठ परीक्षणाने त्याचा उलगडा होईल का. सांगोल्याहून डाळिंबाबाबतही असाच प्रश्न आला आहे.

सोलापूर जिल्ह्यातील बऱ्याच जमिनी चुनखडीयुक्त असून त्यांचा सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच) आठच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. अशा जमिनीत लोह व जस्त असले तरी ते मुळांना घेता येत नाही, त्यामुळे झाडात प्रत्यक्ष किती पोचले हे पाहण्यासाठी देठ किंवा पान तपासणे योग्यच आहे. मात्र लोहाचा अपवाद ध्यानात ठेवावा. चुनखडीमुळे पिवळ्या पडलेल्या पानातही एकूण लोह हिरव्या पानाइतके, कधी त्याहून जास्त भरते, कारण ते पानातच निष्क्रिय होऊन राहते. म्हणून क्रियाशील, म्हणजे पानाला प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या, लोहाची तपासणी होते का, हे प्रयोगशाळेला आधी विचारावे. ती ताज्या पानांवर करतात, तेव्हा नमुना त्याच दिवशी पोचवावा.

द्राक्षात खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातील छाटणी) साधारण ४५ दिवसांनी, सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात, म्हणजे डोळ्यांत पुढचे घड आकार घेत असताना, काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा देठ घ्यावा. फळ छाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरील पानाचा. बागेत सर्वत्र फिरून सुमारे २०० देठ गोळा करावेत आणि पाते तिथेच खुडून टाकावे. डाळिंबात फळ नसलेल्या फांदीवरील, शेंड्याकडून आठव्या जोडीची पाने घेतात.

नमुना फवारणीपूर्वी घ्यावा, हे मी मुद्दाम सांगतो. मॅन्कोझेबमध्ये मँगनीज व जस्त असते, बोर्डो मिश्रणात तांबे. ते पानावर राहिले की धुऊनही पुरते जात नाही आणि कमतरता असताना अहवाल भरपूर दाखवतो. नमुना कागदी पिशवीतच द्यावा. पिवळ्या व निरोगी वेलींचे नमुने वेगळे ठेवावेत, कारण एकाच बागेतील ही तुलना पुष्कळदा प्रमाणित तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

लोहाची कमतरता निश्चित झाल्यास जमिनीत नुसते फेरस सल्फेट टाकून फारसा उपयोग होत नाही; चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचए या सेंद्रिय संयुगात बांधलेले (चिलेटेड) लोह टिकते, ईडीटीए या संयुगातील टिकत नाही. डाळिंबाच्या अहवालात अनेक अन्नद्रव्ये एकदम कमी आली, तर खत घेण्याआधी मुळे उकरून सूत्रकृमीच्या (मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी आहेत का ते पाहावे आणि जमिनीत वाफसा, म्हणजे ओलावा व हवा यांचा योग्य मेळ, राहतो का तेही तपासावे.