आयआयटीत कॉम्प्युटर सायन्सचं प्राध्यापक व्हायचं असेल तर बी.ई.नंतर एम.टेक. करावं की थेट पीएच.डी.?

थेट पीएच.डी. करता येते. बी.ई. आणि गेट या प्रवेशपरीक्षेच्या जोरावर पवईला, म्हणजे आयआयटी मुंबईलाही, अर्ज करता येतो, मध्ये एम.टेक. हवीच असं नाही. पण तुम्ही शेवटच्या वर्षाला आहात आणि संशोधनाचा अनुभव शून्य, असं तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी मी एम.एस. बाय रिसर्च किंवा आर.ए.वाली (रिसर्च असिस्टंट म्हणून काम करत करायची) तीन वर्षांची एम.टेक. सुचवेन. मी स्वतः आर.ए. होतो. दोन वर्षांच्या टी.ए. (टीचिंग असिस्टंट) एम.टेक.मध्ये पहिलं वर्ष कोर्सेसमध्ये जातं आणि थीसिसमध्ये जरा जीव येतो तोवर प्लेसमेंटची धावपळ सुरू होते. संशोधन आपल्याला झेपतं का, हे कळायला वेळच उरत नाही.

गेट म्हणजे तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण. स्कोअर तीन वर्षं चालतो. टी.ए.ला बहुतेक त्यावरच भागतं. आर.ए. आणि पीएच.डी.ला मात्र त्याने फक्त बोलावणं येतं. पुढे लेखी किंवा प्रोग्रामिंगची परीक्षा, मग मुलाखत. तिथे तुमच्या बी.ई. प्रोजेक्टचं कौतुक कुणालाच नसतं (वेबसाइट बनवली असेल तर विषयच काढू नका). 'आवडता विषय कोणता?' विचारतात आणि त्यातलंच काहीतरी सिद्ध करायला लावतात. अडलात तर हिंट देतात, आणि त्या हिंटवरून तुम्ही कुठवर जाता हे बघतात. म्हणून अल्गोरिदम, डिस्क्रीट मॅथ्स आणि प्रोबॅबिलिटी पक्की करा.

पुढचा रस्ता लांब आहे. आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्स शिकवणाऱ्या दीपक फाटक सरांनी इंदूरहून बी.ई. केली, एम.टेक. आणि पीएच.डी. पवईलाच, आणि 1971 पासून शिकवलंही तिथेच. आता आपल्याच ताज्या पीएच.डी.ला लगेच नोकरी देणं आयआयट्या सहसा टाळतात. बाहेर पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) किंवा रिसर्च लॅबमध्ये दोन-तीन वर्षं काढावी लागतात. आपल्या क्षेत्रात जर्नलपेक्षा मोठ्या कॉन्फरन्सचे पेपर जास्त मोजले जातात, हेही आत्ताच माहीत असू द्या.

खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला एम.टेक. पुरते, असोसिएटला पीएच.डी. लागते.

पैशांचं घरी आधीच बोलून घ्या. एम.टेक.ला स्टायपेंड महिना 12,400 रुपये, पीएच.डी.ला पहिली दोन वर्षं 37,000 आणि नंतर 42,000. बरोबरचे मित्र तोवर हिंजवडीत फ्लॅटचे हप्ते भरत असतील.