दाढा काढून टाकू की वाचवू? 1 लाख 10 हजार सांगितलेत, ठाण्याच्या आसपास कमी खर्चात काय होऊ शकतं?

तुम्ही लिहिलंय की खालची डावी दाढ रात्री ठणकते, वरची एक अर्धी तुटलीय, क्लिनिकमध्ये दोन्ही काढून इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून त्यावर बसवलेला दात) लावायचे 1 लाख 10 हजार सांगितले, आणि एवढे पैसे नाहीत म्हणून नुसत्या दाढा काढून मोकळं व्हावं असं वाटतंय. कृपा करून लगेच काढू नका. मी कळव्याला राहते आणि हे करून बसलेली आहे म्हणून सांगतेय.

2011 ला माझी खालची दाढ अशीच दुखत होती. मुलगी दीड वर्षाची, मिस्टरांची नोकरी नवीन, रूट कॅनल आणि कॅप मिळून सात हजार सांगितले आणि काढायचे 400. काढली. चार दिवसात दुखणं गेलं, मला वाटलं सुटले. पण दात एकमेकांच्या आधाराने उभे असतात हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मागची दाढ हळूहळू त्या रिकाम्या जागेकडे कलली, वरच्या दाढेला चावायला खाली काही उरलं नाही म्हणून ती खाली उतरली, आणि कललेल्या दाढेच्या फटीत रोज जेवणाचं काहीतरी अडकायचं, ब्रश तिथे पोचायचा नाही. सहा वर्षांत ती कललेली दाढ पण किडली. म्हणजे एक दाढ काढून 6600 रुपये वाचवले आणि दुसरी दाढ धोक्यात घातली.

त्यामुळे पहिला प्रश्न इम्प्लांट किती रुपयाला हा नाहीच, पहिला प्रश्न असा की या दोन दाढा वाचतात का. डॉक्टरांना एक्सरे स्क्रीनवर दाखवायला सांगा आणि सरळ विचारा, ही का काढायची? मुळाला उभी चीर गेलीय, कीड हाडाच्या खालपर्यंत गेलीय, आजूबाजूचं हाड झिजून दाढ हलतेय, अशी कारणं असतील तर काढणं बरोबर आहे. पण मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसतेय एवढ्यावरून दाढ गेली असं होत नाही, ते इन्फेक्शन असतं आणि रूट कॅनल नीट झालं की बऱ्याचदा तिथलं हाड काही महिन्यांत परत भरून येतं. रात्री ठणका लागणं म्हणजे बहुतेक वेळा आतली नस सुजलीय, त्यावर रूट कॅनल हाच इलाज. वरच्या अर्ध्या तुटलेल्या दाढेचं मूळ पक्कं असेल तर आत पोस्ट (आधाराची बारीक काडी) टाकून वर बांधून कॅप बसवतात, तेही विचारा. सगळं दाढेनुसार कागदावर लिहून मागा, एक्सरेची कॉपी मागा (ती मागायला लाजू नका, पैसे तुम्ही दिलेत) आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, शक्यतो रूट कॅनलमध्येच एमडीएस (दाताच्या डॉक्टरांचं पुढचं शिक्षण) केलेल्या.

आता पैशाचं. माझी ती दुसरी दाढ मी नेरूळच्या एका डेंटल कॉलेजात वाचवली. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची नेरूळ किंवा पनवेल लोकल पकडायची, गाडी बदलावी लागत नाही. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा अशी दोन कॉलेजं आहेत, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एम. जी. एम., आणि मुंबईत जायची तयारी असेल तर सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज किंवा मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर. लोकांना वाटतं तिथे विद्यार्थी हात साफ करून घेतात. मलाही तीच भीती होती.

माझं काम एमडीएस करणाऱ्या मुलीने केलं. भूल दिली, दाढेभोवती पातळ रबराचा पडदा ताणून लावला, त्यातून फक्त ती एक दाढ बाहेर, म्हणजे थुंकी आत जाणार नाही आणि औषध घशात उतरणार नाही. मग केसासारख्या बारीक फाइल्स, प्रत्येकीवर एक इवलीशी रबरी चकती, ती चकती छोट्या पट्टीवर मोजून सरकवायची आणि मगच फाइल आत घालायची. "वीस एमएम, सर" असं ती म्हणाली की तिला शिकवणारे सर येऊन एक्सरे बघायचे, हो म्हणायचे, तेव्हाच पुढचं काम. मधे एकदा त्यांना माप पटलं नाही तर तिला परत एक्सरे काढायला लावला. एवढं कोणी माझ्या दाताकडे आयुष्यात बघितलं नव्हतं. चार खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला अर्धा दिवस गेला, हाफ डे टाकावा लागला हे खरं, पण रूट कॅनल आणि साधी मेटलची कॅप मिळून साडेचार हजाराच्या आत झालं. स्टेशनजवळच्या क्लिनिकमध्ये त्याच कामाचे मला बारा हजार सांगितले होते. आज दर वाढले असतील, केसपेपर काढतानाच विचारून घ्या.

आणि कॅप चुकवू नका. माझ्या भावाने रूट कॅनल केलं, दुखणं थांबलं, कॅपचे पैसे पुढच्या महिन्यात बघू म्हणाला आणि आठव्या महिन्यात चिक्की खाताना दाढ उभी चिरली, मग काढावीच लागली. मागच्या दाढेवर चावायचा जोर खूप येतो आणि रूट कॅनल झालेली दाढ आतून कोरल्यामुळे कमजोर झालेली असते. झिरकोनियाचीच (दातासारखी पांढरी, महाग) कॅप पाहिजे असं काही नाही, मागे कोणाला दिसत नाही, मेटलची स्वस्त पडते आणि टिकते.

समजा एखादी खरंच काढावी लागली तर तिथे इम्प्लांट हा एकच रस्ता नाही. ब्रिज असतो, त्यात बाजूचे दोन दात घासून मधला दात त्यांच्या आधाराने बसतो, पण बाजूचे दात चांगले असतील तर ते घासायला माझं मन घेत नाही. काढता-घालता येणारा दात सगळ्यात स्वस्त, माझ्या आईने पाच वर्षं वापरला, सुरुवातीला टोचला मग सवय झाली. इम्प्लांट चांगलाच, बाजूच्या दातांना हात लागत नाही, पण टायटॅनियमचा स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने जातात, आणि शुगर कंट्रोलमध्ये नसेल किंवा तंबाखू, मशेरी चालू असेल तर तो फेल जायचा धोका वाढतो. शुगर असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. तो पैसे साठवून वर्षभराने केला तरी चालतो, फक्त तोपर्यंत जागा रिकामी ठेवू नका, काढता-घालता येणारा दात तरी बसवा.

मेडिक्लेमवर अवलंबून राहू नका, बहुतेक साध्या पॉलिसीत अपघात सोडून दाताचा खर्च बसत नाही, कंपनीच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का ते एचआरला विचारा. ईएमआयवर सही करायची घाई अजिबात नको. आधी दुखणारी दाढ, मग तुटलेली, मग बाकीचं, असं टप्प्याने करा.

तोपर्यंत दुखलं म्हणून गोळी चुरडून हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते, आईची भाजली होती. मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक पण नको, त्याने सूज चार दिवस दबते, नस तशीच राहते. गाल किंवा जबड्याखाली सूज वाढत गेली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास झाला तर मात्र कॉलेज, अपॉइंटमेंट सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

एक्सरे झाला की डॉक्टर मुळाबद्दल काय म्हणाले ते इथे लिहा. नेरूळला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, नऊनंतर केसपेपरची लाइन खूप वाढते.