मराठीतल्या रहस्य आणि भय कादंबऱ्या आज वाचल्या तर आवडतील का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजी थ्रिलर आणि हॉरर भरपूर वाचून झालंय, तर मराठीतलं हे लेखन आता पकड घेईल का, की ज्यांनी ते शाळेत असताना वाचलं त्यांनाच भारी वाटतं? आणि सुरुवात कुठून करायची?

पकड घेईल, पण निवडून वाचलंत तर. माझा निकष साधा आहे. आपल्या घरात आधीपासून असलेली एखादी गोष्ट उचलून जी कादंबरी तिला एकच पाऊल पुढे नेते, ती टिकते. नुसता वेग आणि पाठलाग यांच्यावर चाललेली कादंबरी आज शिळी वाटते.

म्हणून सुरुवात सुहास शिरवळकरांच्या ‘समांतर’पासून करा, वेब सिरीज पाहिली असलीत तरी. काहीच मनासारखं होत नसलेला कुमार महाजन एका ज्योतिषाकडे जातो. तो हात बघतो आणि सांगतो, अगदी हाच हात मी पूर्वी पाहिलाय, सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसाचा. म्हणजे त्या माणसाचं जे जगून झालंय, ते याच्या वाट्याला यायचंय. या कल्पनेला भूत लागत नाही की खुनी लागत नाही. पत्रिका कपाटात जपून ठेवणारी आणि लग्न ठरवताना ती बाहेर काढणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. पण तुमचं पुढचं आयुष्य आधीच जगून बसलेला माणूस कुठेतरी खरंच आहे असं कळलं, तर त्याला शोधायला जाल का? मी जाणार नाही, असं ठामपणे म्हणणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. शिरवळकरांचे अमर विश्वास, दारा बुलंद वगैरे नायक मजेत वाचून होतात, पण ‘समांतर’ची सर त्यांना नाही.

मग भयकथा लिहिणारे नारायण धारप. त्यांची खरी ताकद निवेदकात आहे. तो बहुतेक वेळा शांत, सरळ विचार करणारा, मध्यमवर्गीय माणूस असतो. जे घडलं ते तो हिशेबाच्या वहीत नोंद करावी तसं सांगतो: खोलीत कुबट वास आला, खिडकी तपासली, ती बंद होती. प्रत्येक वेळी तो आधी साधं कारण शोधतो, आणि आपणही त्याच्यासोबत शोधत राहतो. कारणं संपत जातात तशी भीती वाढते. रक्त आणि किंकाळ्या यांच्यापेक्षा हे कितीतरी अवघड काम आहे आणि ते त्यांना पुन्हा पुन्हा जमलंय.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगतो. धारपांच्या काही कादंबऱ्यांचा सांगाडा अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंगचा आहे. ‘लुचाई’ हे ‘सेलम्स लॉट’वरून, ‘शपथ’ हे ‘इट’वरून. तुम्ही किंग वाचलेला असणार, त्यामुळे या दोन्ही सुरुवातीला घेऊ नका, नाहीतर सगळा वेळ तुलनेत जाईल. दुसरं म्हणजे समर्थ या धारपांच्या, अमानवी शक्तींशी लढणाऱ्या पात्राच्या कथा. संकटात सापडलेली माणसं समर्थांकडे येतात, सोबत त्यांचा साथीदार अप्पा असतो. वातावरण उत्तम जमतं, पण समर्थ आले की आता सगळं निस्तरणार हे कळतं आणि तिथे ताण सैल होतो. ज्या कथांत वाचवायला कुणीच येत नाही, त्या धारपांच्या सर्वांत चांगल्या कथा असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी कथासंग्रह घ्या, कादंबऱ्या नंतर. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटातली म्हातारी आठवत असेल, तर तिचं मूळ धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे.

कथांचाच विषय निघालाय तर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा सोडू नका. नाटककार असल्यामुळे संवादातून संशय पेरणं त्यांना छान येतं.

विज्ञानकथेत जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ आज मुद्दाम वाचण्यासारखी आहे. खोदकाम करताना एक पेटी सापडते, तिच्यात आपल्याही आधीच्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान असतं, आणि त्यावरून वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव बनवला जातो. पात्रं थोडी कोरडी आहेत, हे मान्य. पण आपल्यापेक्षा हुशार यंत्र बनवावं का, हा आज जो तो बोलतोय तो वाद या पुस्तकात काही दशकांपूर्वीच येऊन गेलाय, आणि तोही ज्याला विज्ञान आतून माहीत आहे अशा माणसाच्या हातून.

रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकर शेवटी घ्या. हजाराहून जास्त पुस्तकं, त्यांत झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू अशी गाजलेली पात्रं; एका मोठ्या पिढीला वाचनाची गोडी त्यांनी लावली, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. आजच्या वाचकाला कोडी सोपी वाटतील. एक झुंजारची आणि एक धनंजयची वाचून बघा, रुचलं तर पुढचं ग्रंथालयात मिळेल तसं घ्या.