फ्लेमिंगो फोटोत पांढरेफटक किंवा काळे का येतात? सेटिंगच्या आधी ऊन आणि भरती बघा

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीला राहता, 70-300 मिमीची लेन्स आहे आणि ठाणे खाडीवरचे फ्लेमिंगो एकतर पांढरेफटक येतात नाहीतर काळेकुट्ट. सेटिंग कोणतं ठेवावं, असा तुमचा प्रश्न आहे. सेटिंग सांगतेच, पण त्याआधी कुठे आणि कधी उभं राहायचं ते ठरवा. बहुतेक फोटो तिथेच बिघडतात.

नवी मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की खाडी पश्चिमेला येते. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि ऊन थेट पक्ष्यांच्या अंगावर पडतं. दुपार कलली की त्याच जागेवरून तुम्ही सूर्याकडे तोंड करून उभे असता, मग पक्षी काळे दिसणारच. खाडीपलीकडे भांडुपच्या बाजूने सगळं उलट, तिथे संध्याकाळ चांगली. म्हणजे ऐरोली किंवा सीवूड्सला जाणार असाल तर सकाळीच जा.

पण नुसती सकाळ पुरत नाही. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीतल्या उघड्या पडलेल्या चिखलावर दूरवर चरत असतात. तिथपर्यंत 300 ची लेन्स पोचत नाही. भरतीचं पाणी चढून चिखल बुडायला लागला की थवे उठतात आणि सीवूड्सच्या टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीसारख्या जागांवर विसाव्याला येतात. तुम्हाला सकाळचं ऊन आणि भरती दोन्ही एकत्र हवीत. कोकणातला जुना ढोबळ हिशेब इथेही चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वादशीला साधारण नऊ वाजता, आणि पुढे रोज पाऊण-एक तासाने उशिरा. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती असते, पाणी फारसं वर येत नाही आणि थवे खाडीतच थांबू शकतात. म्हणून मी द्वादशी-त्रयोदशीच्या आसपासचे दिवस धरते आणि पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी जागेवर असते. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे.

आता कॅमेरा. तुमच्या कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, समोरचं सगळं दृश्य मध्यम राखाडी धरून चालतं. मागे गडद खारफुटी असली की ते उजेड वाढवतं आणि पांढरा बगळा जळून जातो, म्हणजे तपशील जाऊन पांढराफटक होतो. मागे चकाकतं आकाश असलं की उजेड कमी करतं आणि पक्षी काळा पडतो. खरं तर पक्ष्यावर पडणारं ऊन दोन्ही वेळा तेवढंच असतं! म्हणून ऊन स्थिर असेल तर मॅन्युअल मोड वापरा, म्हणजे सेटिंग कॅमेऱ्यावर न सोडता तुम्हीच ठरवा. एखादा बगळा टिपून त्याच्या सगळ्यात उजळ पिसांत तपशील दिसेपर्यंत एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) खाली आणा आणि तिथेच ठेवा. मग थवा खारफुटीसमोरून उडो की आकाशासमोरून, काही बदलावं लागत नाही. मात्र ढग आला किंवा सूर्य वर चढला की पुन्हा तपासा.

फ्लेमिंगोच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. त्यांच्या गुलाबी रंगात लाल वाहिनी (फोटोतला लाल रंगाचा भाग) आधी भरून जाते आणि साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ठीक दिसत असतानाच पंखांवर सपाट गुलाबी डाग येतात. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. उडत्या पक्ष्याला 1/2000 सेकंदाच्या आसपास शटर ठेवा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. त्याने येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा दुरुस्त होत नाही.

उडतानाचा फोटो हवा म्हणून थव्याला उठवू मात्र नका. भरतीचा वेळ हा त्यांचा विश्रांतीचा असतो, आणि पाणी चढतं तेव्हा ते आपणहून उडतातच. थांबायची तयारी ठेवा.

ऊन तापलं की चिखलावरून गरम हवा लहरायला लागते. मग लांबचा पक्षी कोणत्याही लेन्सने नीट येत नाही. त्या वेळी जवळच्या शेकाट्यांकडे, म्हणजे लांब पायांच्या पाणपक्ष्यांकडे वळा. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने गेलात तर लेन्स बोटीच्या कठड्यावर टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. हातातच धरा.

तुम्ही ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाबद्दलही विचारलंय. तिथला त्रास वेगळा. पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि स्वर्गीय नर्तक या पक्ष्याच्या नराच्या लांब पांढऱ्या शेपटीवर एक कवडसा पडला तरी ती जळते. तो पूर्ण सावलीत येईपर्यंत थांबा, किंवा ढगाळ सकाळच निवडा. मऊ उजेडात जंगलातल्या पक्ष्यांचे रंग फार सुंदर उतरतात. बसलेल्या पक्ष्याला 1/200 पुरतं, तो स्थिर असेल आणि लेन्सला स्टॅबिलायझर (हाताची थरथर कमी करणारी सोय) असेल तर 1/100 सुद्धा. 300 वर तुमची लेन्स बहुधा एफ 5.6 पर्यंतच उघडते, म्हणजे उजेड कमीच आत येतो, तेव्हा तीन-चार फोटो सलग काढा, त्यातला एखादा तरी स्थिर येतो. फ्लॅश वापरू नका आणि घरट्याजवळ थांबू नका.