मिचिनोकूची वाट पहिल्यांदा चालणार असशील तर

जपानच्या ईशान्य किनाऱ्याने जाणारी, हाचिनोहे ते सोमा ही हजार किलोमीटरहून लांब पायवाट एका दमात उरकायचा हट्ट आधी सोड. तीन-चार दिवसांचा तुकडा घे. मी सुरुवात उत्तरेकडून करायला सांगेन. हाचिनोहेतल्या काबुशिमाच्या देवळाभोवती कुरव पक्ष्यांचा नुसता गोंगाट असतो (डोक्यावर टोपी हवीच, कारण विचारू नकोस), आणि तिथून तानेसाशीच्या हिरवळीपर्यंत पाय छान मोकळे होतात.

खरी परीक्षा कितायामाझाकीला. कडे दोनशे मीटरपर्यंत उंच, वाट सारखी समुद्रापर्यंत उतरते आणि पुन्हा चढते. नकाशावरचं अंतर बघून 'हे तर दुपारपर्यंत होईल' असं म्हणू नकोस. सह्याद्रीत मुरलेल्या माझ्या गुडघ्यांनीही तिथे तक्रार केली. मध्ये हाताने खोदलेले अंधारे बोगदे लागतात. हेडटॉर्च सॅकच्या तळाशी नको, वरच्या खिशात ठेव. जंगलात अस्वलं आहेत, तेव्हा सॅकला घंटा बांध.

दमलास तर सानरिकू रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्याच, वेळापत्रक आदल्या रात्रीच बघ. मुक्कामाला मिन्शुकू, म्हणजे घरगुती खानावळवजा निवास. आधी फोन करून ठेव, जेवणाची वेळ चुकवू नकोस, रोख येन जवळ असू दे.

रस्त्याकडेला 2011 ची त्सुनामी कुठवर आली होती ते सांगणाऱ्या पाट्या दिसतील. त्या फोटोपुरत्या बघू नकोस. किनाऱ्यावर असताना जमीन हलली तर भोंग्याची वाट न बघता सरळ वर चढायला लाग.