मुदतीचं कलम आधी वाच

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

आइसलँड आणि अमेरिकेवरचा तुझा निबंध वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर तू निकाल देऊन टाकलास, की लहान देश महासत्तेपुढे वाकला. इतक्या घाईने निकाल दिलास की पुढचे कागद तू त्याच नजरेने वाचलेस, आणि म्हणून नेमकं महत्त्वाचं तुझ्या हातून निसटलं.

1945 च्या ऑक्टोबरात अमेरिकेने तीन जागा 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितल्या: केफ्लाविकचा विमानतळ, ह्वालफ्योर्दुरची खाडी आणि रेक्याविकला लागून असलेलं स्केर्याफ्योर्दुर. आइसलँडचं प्रजासत्ताक जाहीर होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, स्वतःचं सैन्य नाहीच. युद्ध संपताच आइसलँडमधल्या आपल्या फौजा परत नेऊ, असं वचन अमेरिकेने 1941 मध्ये दिलं होतं. आता तिचं म्हणणं असं, की शांततेचा तह झालेला नाही, म्हणजे कायद्याने युद्ध अजून चालूच आहे. या युक्तिवादावर तू एक ओळही लिहिली नाहीस, याचं मला नवल वाटलं.

ओलाफुर थोर्स यांच्या सरकारने 99 वर्षं नाकारली, पण बोलणी मोडली नाहीत. 1946 च्या केफ्लाविक कराराने फौजा माघारी गेल्या आणि विमानतळावर अमेरिकेची नागरी माणसं राहिली, युद्धानंतर ताब्यात घेतलेल्या जर्मनीतल्या तिच्या कामासाठी. अल्थिंगने, म्हणजे तिथल्या संसदेने, 32 विरुद्ध 19 मतांनी हा करार मंजूर केला आणि त्यापायी सरकार पडलं. तू कराराची प्रस्तावना उतरवून घेतलीस आणि मुदतीचं कलम सोडलंस. पाच वर्षांनी फेरविचार मागता येईल, सहा महिन्यांत जमलं नाही तर वर्षभराची नोटीस देऊन करार संपवता येईल. 99 वर्षांची साडेसहा झाली! कुठलाही करार हाती आला की आधी हे कलम शोध. कोण किती दबलं, ते प्रस्तावनेत कधीच लिहिलेलं नसतं.

मार्शल योजनेवरचं, म्हणजे युद्धानंतर युरोपला दिलेल्या अमेरिकी मदतीवरचं, प्रकरण चांगलं उतरलंय. युद्धात फारशी पडझड न झालेल्या या देशाला दरडोई सर्वाधिक मदत मिळाली, हे तू ठळक केलंस ते योग्यच.

1949 मध्ये परराष्ट्रमंत्री ब्यार्नी बेनेदिक्तसोन दोन सहकारी मंत्र्यांसह वॉशिंग्टनला गेले आणि शांततेच्या काळात परकी फौजा ठेवल्या जाणार नाहीत, असं आश्वासन घेऊन आले. 30 मार्चला अल्थिंगने 37 विरुद्ध 13 मतांनी नाटोत जायचं ठरवलं. बाहेर आउस्तुरवोत्लुर चौकात दगडफेक झाली, अश्रुधूर सोडावा लागला. दोनच वर्षांनी, कोरियात युद्ध पेटलेलं असताना, मे 1951 मध्ये नव्या संरक्षण कराराने अमेरिकेच्या फौजा आल्या, आणि त्याही संसदेत उघड चर्चा होण्याआधीच. इथे तुझा राग मला पटतो. तो ठेव. पण याही करारात सुटकेचं कलम आहे, दीड वर्षाचं. मार्च 1956 मध्ये अल्थिंगने फौजा जाव्यात असा ठराव केला तेव्हा वॉशिंग्टन गंभीर झालं ते या कलमामुळे. ब्रिटनने आपल्या बंदरांत आइसलँडची मासळी उतरवणं बंद केल्यापासून ती मासळी सोव्हिएत संघ घेत होता, हीही काळजी अमेरिकेला होतीच. त्या हिवाळ्यात ठराव बाजूला पडला. त्याला हंगेरीतला उठाव सोव्हिएत फौजांनी चिरडला हे कारण होतं आणि अमेरिकेचं कर्जही. दोन्ही लिही, एकाने दुसरं झाकू नकोस.

आणि जे लाजिरवाणं आहे तेही लिही. कृष्णवर्णीय सैनिक पाठवू नका, अशी अट आइसलँडच्या सरकारने गुपचूप घातली होती आणि अमेरिकेने ती बरीच वर्षं पाळली. लहान देशाबद्दलच्या आपुलकीपोटी हे वगळलंस तर मी तो मजकूर परत पाठवीन.

तुझा निबंध 1956 ला थांबतो. तो 2006 पर्यंत ने. त्या वर्षी अमेरिकेने केफ्लाविकचा तळ बंद केला, तो स्वतःच्या निर्णयाने. लढाऊ विमानं राहावीत म्हणून आइसलँडचं सरकारच आग्रह धरत होतं. पन्नास वर्षांत कुणाची गरज कुणाला उरली, हे तुला या दोन तारखा शेजारी ठेवून मांडावं लागेल. 1956 चं प्रकरण आधी पाठव, बाकीचं सावकाश.

तुझा,
सर