एमजीबीचं सस्पेन्शन: अपग्रेडआधी झीज शोधा

कडक स्प्रिंगा आणि जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी) मागवायची घाई करू नका. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ साली बाजारात आली आणि १९८० पर्यंत बनली. इतक्या जुन्या गाडीचा ढिलेपणा बहुतेकदा झिजलेल्या बुशांतून (सांध्यांमधल्या रबरी नळ्या) आणि किंगपिनमधून (पुढचं चाक ज्याभोवती वळतं ती उभी पिन) येतो.

पुढचं चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवा. खेळ (सैलपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. तरीही खेळ राहिला तर संशय किंगपिनवर, थांबला तर चाकाच्या बेअरिंगवर. नव्या किंगपिननाही वेळेवर ग्रीस लागतंच.

खालच्या विशबोनला (चाकाला गाडीशी जोडणारा आडवा आर्म) मी व्ही-८ मॉडेलचे, धातूच्या नळीत बसवलेले रबरी बुश सुचवेन. चांगले टिकतात आणि पॉलियुरेथेनच्या (कडक प्लास्टिकसारख्या) बुशांसारखे हादरे देत नाहीत. पण नट शेवटचे आवळताना गाडी स्वतःच्या चाकांवर, पूर्ण वजनासह उभी हवी. चाकं लोंबकळत असताना आवळलेत तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे फार जण विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पुढचा लीव्हर-आर्म शॉक अ‍ॅब्सॉर्बर हाच वरचा विशबोनही असतो. तेल गळत असेल किंवा त्याच्या दांड्यात खेळ असेल, तर नीट दुरुस्त केलेलाच घ्या. नुसतं तेल भरून भागत नाही.

स्प्रिंग काढताना गाडी भक्कम स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीही नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतू शकतं.

हे झाल्यावर चाकांची अलाइनमेंट (कोन जुळवणी) करून गाडी चालवून बघा. अपग्रेडचं त्यानंतर ठरवा, आणि एका वेळी एकच बदल करा.